पॉलिश करताना गाडीवरून काय जातं?

आज गाडी घरच्या घरी पॉलिश करण्याबद्दल बोलूया. कुठली बाटली घेऊ, हा पहिला प्रश्न सगळेच विचारतात. पण त्याआधी एक गोष्ट पक्की बसू दे. स्क्रॅच घालवणाऱ्या पॉलिशने गाडीला काही लागत नाही, गाडीवरून काहीतरी निघून जातं.

हल्लीच्या गाडीचा रंग थराथरांचा असतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, मग रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळं मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतं. त्यात क्लिअर कोट साधारण ३५ ते ५०. आपल्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे केसापेक्षाही पातळ! खालच्या रंगाला उन्हापासून वाचवतो तो हाच थर. तो गेला की टपावर, बॉनेटवर पांढरट चट्टे पडतात, पापुद्रे निघायला लागतात. त्यावर पॉलिशचा इलाज नाही, पॅनल पुन्हा रंगवावं लागतं. कंपाउंडचा एक जोरदार हात यातले दोन-तीन मायक्रॉन सहज घेऊन जातो. इथे कंट्रोल-झेड नाही.

आता ते उन्हात दिसणारे गोल गोल स्क्रॅच, कोळ्याच्या जाळ्यासारखे. खरं तर ते गोल नसतातच. बारीक रेघा सगळ्या दिशांना असतात, पण प्रकाशाला आडव्या येणाऱ्या रेघाच चमकतात, म्हणून दिव्याभोवती वर्तुळं दिसतात. आणि त्या येतात कुठून? बहुतेक वेळा सकाळच्या फडक्यातून. रात्रभर बसलेली धूळ म्हणजे बारीक वाळूच की. त्यावर ओलसर फडकं फिरवलं की झाला सँडपेपर.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारे काका एक बादली आणि एका फडक्यात सकाळी नऊच्या आत पंधरा-वीस गाड्या उरकतात. इंटरनेटवर अशा लोकांना नावं ठेवायची फॅशन आहे, मला ती पटत नाही. महिन्याच्या त्या पैशांत आपणच त्यांना रोज पुसायला सांगतो, आणि नळ एकच. मी त्यांना म्हटलं, आमची गाडी रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदाच धुवा. त्यांचा चेहरा पडला. काम सुटलं असंच वाटलं त्यांना. मग सांगितलं की पैसे तेवढेच राहतील, दोन बादल्या आणि मायक्रोफायबर मी देतो. एका बादलीत शॅम्पू, दुसरीत फडकं खळबळायचं साधं पाणी. आधी नुसत्या पाण्याने धूळ वाहून जाऊ द्यायची, मगच हात लावायचा. आता ते खालच्या मजल्यावरच्या साहेबांनाही हेच समजावतात.

बरं, प्रत्यक्ष पॉलिश. आमच्याकडे बाबांची गडद निळी गाडी आहे, ११ वर्षांची, सेकंड हँड घेतलेली. मित्राकडून रंगाची जाडी मोजायचं मीटर आणलं. बाकी पॅनल ११०-१२० दाखवत होती, उजवं मागचं दार २४०! घेताना बाबांना सांगितलं होतं की गाडीला कुठे हातसुद्धा लागलेला नाही. असो. प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं मीटर चालत नाही. आणि ते एकूण जाडी सांगतं, क्लिअर कोट किती उरलाय ते नाही. त्यामुळे आकडा चांगला आला तरी हात आखडताच ठेवायचा.

गाडी धुवायची, मग क्ले बार. भरपूर ओलं ठेवून अलगद फिरवायचा, रंगात रुतलेले कण निघतात. क्ले जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या. गाडी सावलीत, पत्रा थंड. काळ्या प्लास्टिकला आणि कडांना मास्किंग टेप लावा, कारण कडेवर रंग पातळ असतो. मशीन नवशिक्याने ड्युअल ॲक्शनच घ्यावं. ते फिरता फिरता हलतं, एकाच जागी उष्णता साठत नाही. रोटरी जोरात कापतं, पण हात बसलेला नसेल तर रंग जाळतं.

आधी दीड-दोन फुटांचा एक चौकोन करून बघा, तोही सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने. त्याने भागलं तर कंपाउंडची बाटली उघडूच नका. पॅडवर गाडीचा रंग उतरायला लागला तर थांबा: एकतर तो क्लिअर कोट नसलेला जुन्या पद्धतीचा रंग आहे, नाहीतर क्लिअर कोट संपलाय. मॅट रंगाच्या गाडीला तर पॉलिश लावायचंच नाही. चौकोन झाला की पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून बघा. पुष्कळ पॉलिशमधलं तेल रेघा तात्पुरत्या बुजवतं आणि आपण उगाच खूश होतो.

शेवटी वॅक्स किंवा सीलंट. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीतलं ‘९ एच’ ऐकून भुलू नका. ती पेन्सिलीच्या टोकाने ओरखडून बघायची मोजपट्टी आहे. हायवेवर उडालेला खडा तिला भीक घालत नाही.

बाबांच्या बॉनेटवर एक रेघ उरली आहे. नख फिरवलं की अडकतं, म्हणजे ती घालवायला क्लिअर कोटच संपवावा लागेल. बाबा दोनदा म्हणाले, “एवढी पण काढ की.” मी टच-अपचा एक ठिपका लावला आणि मशीन खोक्यात भरलं.