जयणा : पाहण्याची साधना
(सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



‘आत्मविकास आणि करुणा’ हा विषय मला देण्यात आला आहे. विषय थोर आहे आणि त्यावर गोड बोलणे फार सोपे आहे. म्हणूनच मी आपल्या घराघरांत रोज वावरणारा एकच शब्द घेऊन बोलणार आहे. तो शब्द म्हणजे जयणा. पाणी गाळून घेणे, धान्य निवडताना किडा-मुंगी जपून बाजूला काढणे, पुंजणीने जागा स्वच्छ करून मगच बसणे, दिवस मावळण्यापूर्वी जेवण आटोपणे, ही जयणा आपल्या माता-भगिनींनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. मात्र घराचा उंबरठा ओलांडून ती भोसरीच्या, चाकणच्या शेडमध्ये किती पोहोचली, हा प्रश्न आज विचारावासा वाटतो.

दशवैकालिक सूत्राच्या रचनेची कथा आपण ऐकली असेल. आचार्य शय्यंभव यांचा पुत्र मनक बालवयातच त्यांच्याकडे दीक्षित झाला. त्याचे आयुष्य केवळ सहा महिने उरले आहे, हे आचार्यांनी जाणले. विशाल आगमांचे अध्ययन एवढ्या अवधीत होणे अशक्य होते, म्हणून पित्याने त्यांतील सार काढून दहा अध्ययने रचली. सहा महिन्यांच्या आयुष्याला पुरेल एवढे धर्मज्ञान कोणते, हा त्या रचनेमागचा प्रश्न! त्यातील चौथ्या अध्ययनात शिष्य विचारतो की चालावे, उभे राहावे, बसावे, निजावे, जेवावे, बोलावे तरी कसे, म्हणजे पापकर्माचा बंध होणार नाही? उत्तरात या क्रिया सोडून देण्यास सांगितलेले नाही. त्या जयणेने कराव्यात, एवढेच सांगितले आहे. त्याच अध्ययनात ज्ञानाला दयेच्या आधीचे स्थान दिले आहे. मला हा क्रम अत्यंत महत्त्वाचा वाटतो. ज्याचे दुःख आपण पाहिलेच नाही, त्याच्याविषयी दया कोठून उपजणार?

आता श्रावकाच्या पहिल्या अणुव्रताकडे वळू. प्रतिक्रमणात आपण या व्रताच्या पाच अतिचारांचा उच्चार करतो : बंध, वध, छविच्छेद, अतिभार आणि भक्तपान-विच्छेद. बांधून ठेवणे, मारणे, अवयव छेदणे, शक्तीपलीकडे ओझे लादणे आणि अन्नपाणी तोडणे. आपल्या मनात लगेच बैल, घोडा किंवा गोठ्यातील गाय उभी राहते. पांजरपोळाला देणगी दिली की हे व्रत सुखरूप आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु जुन्या टीकाकारांनी येथे चतुष्पदांबरोबर द्विपदांचाही विचार केला आहे. द्विपद म्हणजे आपल्या आश्रयाने राहणारी, आपले काम करणारी माणसे.

सज्जनहो, आपल्यापैकी अनेकांचे लघुउद्योग आहेत. मोठ्या मोटार कंपन्यांना लागणारे पत्र्याचे सुटे भाग अशा शेडमधून तयार होतात. पॉवर प्रेसवर ऑपरेटर डायमध्ये पत्रा ठेवतो, पेडल दाबतो, प्रेस खाली येतो, तयार जॉब काढतो आणि पुन्हा पत्रा ठेवतो. एका पाळीत हीच हालचाल हजारो वेळा होते. हात आत असताना प्रेस खाली आला, तर बोटे जातात. हे टाळण्याचे उपाय यंत्रशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहेत. दोन्ही हातांनी एकाच वेळी दोन बटणे दाबल्याशिवाय प्रेस चालू नये, अशी रचना करता येते. म्हणजे हात आत राहूच शकत नाही. हात आत गेल्याबरोबर यंत्र थांबवणारे प्रकाशकिरणांचे सेन्सर बसवता येतात. यंत्राच्या धोकादायक भागाला आवरण असावे, हे बंधन तर 1948 च्या कारखाना कायद्यानेच घातले होते. तरीही कित्येक ठिकाणी उत्पादन वाढावे म्हणून दोनपैकी एक बटण कायमचे दाबून बांधून टाकलेले असते, गार्ड काढून कोपऱ्यात ठेवलेला असतो. मग जे घडते त्याला आपण ‘अपघात’ म्हणतो. शास्त्रकारांनी त्यासाठी शब्द देऊन ठेवला आहे : छविच्छेद. आणि सलग बारा तासांच्या पाळीनंतर पुन्हा थांबवून घेणे, याला अतिभाराशिवाय दुसरे नाव मला सुचत नाही. कंत्राटदाराने दोन-दोन महिने पगार अडवला तर कामगाराच्या खोलीतील चूल विझते. तो कोणता अतिचार, हे मी सांगण्याची आवश्यकता नाही.

8 डिसेंबर 2023 रोजी आपल्याच शहरात, तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावण्याच्या ठिणग्या उडवणाऱ्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्यात आग लागली आणि तेथील कामगार, त्यांत बहुतांश स्त्रिया, मृत्युमुखी पडल्या. त्या दिवसापर्यंत ही मेणबत्ती कोठे तयार होते, कोणाचे हात ती भरतात, हे आपल्यापैकी किती जणांनी मनात आणले होते? आपणही घरोघरी वाढदिवस साजरे करतो. केकमध्ये अंडे नाही ना, हे मात्र आपण आवर्जून विचारतो.

पाहण्यातून उद्योगाला कसे वळण मिळते, याचे उदाहरण शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोचे, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सचे, नवलमल फिरोदिया हे मूळचे अहमदनगरचे आणि गांधीविचारांचे. माणसाने माणसाला ओढून न्यावे, ही सायकल-रिक्षाची रीत त्यांना बोचत होती. स्वातंत्र्याच्या सुमारास त्यांनी तीनचाकी यंत्राची रिक्षा या देशात आणण्यासाठी खटपट केली. त्या रिक्षावाल्याला पैसे देऊन पुण्य जोडण्याचा मार्ग त्यांनाही मोकळा होताच. त्यांनी त्याच्या अंगावरचे ओझेच उतरवण्याचा विचार केला. प्रेसवरचे दुसरे बटण मला याच जातीचे वाटते.

आणि आपल्या खेड तालुक्याची कन्या आचार्य चंदनाजी! भीमेकाठच्या चासकमान गावी 1937 साली त्यांचा जन्म झाला. वयाच्या चौदाव्या वर्षी दीक्षा, बारा वर्षे मौन धरून केलेले अध्ययन, आणि पुढे उपाध्याय अमरमुनींच्या प्रेरणेने 1973 मध्ये बिहारमधील राजगीर येथे वीरायतनची उभारणी. तेथील नेत्रचिकित्सालयाने गोरगरिबांना दृष्टी दिली. 1987 मध्ये त्यांना आचार्यपद मिळाले. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या जैन साध्वी. 2022 मध्ये पद्मश्रीने त्यांचा गौरव झाला. साध्वीने वाहनाने प्रवास करावा का, प्रत्यक्ष सेवाकार्यात उतरावे का, यावर समाजात बराच वाद झाला. आचारमर्यादेची काळजी वाहणाऱ्यांचा मी अनादर करत नाही. परंतु साध्वींनी वाहनात बसावे की नाही याची चर्चा करणारे आपण गृहस्थ रोज त्याच वाहनांचे भाग तयार करतो, आणि आपल्याला सेवेपासून अडवणारी कोणतीही मर्यादा नाही, याचे स्मरण ठेवावे.

खेड तालुक्यातून एक मुलगी बिहारला गेली आणि तेथील अंधांचे डोळे झाली. आज बिहारमधून तरुण मुले खेड तालुक्यात येतात. निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे, खराबवाडी येथे एकेका खोलीत कितीतरी जण राहतात आणि आपल्या प्रेसवर उभी राहतात. त्यांतील एखाद्याच्या आजीच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया राजगीरला झाली असेलही. आपण त्या मुलाचे नाव तरी विचारले आहे का?

पाच समितींपैकी दोनांचा केवळ उल्लेख करतो. वस्तू जपून उचलावी व ठेवावी, ही चौथी; त्याज्य पदार्थ जीवहिंसा होणार नाही अशा जागी टाकावा, ही पाचवी. या समिती मुनींसाठी आहेत हे खरे. तथापि आळंदीला इंद्रायणीवर तरंगणारा पांढरा फेस पाहताना पाचवी समिती कारखानदारांनाही शिकवायला हवी होती, असे वाटल्यावाचून राहत नाही.

1975 साली जयपूरमध्ये स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने लाखो लोकांना कृत्रिम पाय दिले. अशी शिबिरे अवश्य भरवावीत. परंतु या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्तांपुढे मी आणखी एक विनंती ठेवतो. ट्रस्टने जाणत्या अभियंत्यांची एक समिती नेमावी आणि सभासदांच्या शेडमधील प्रत्येक प्रेस तपासून घ्यावा. ज्या छोट्या उद्योजकाला गार्डचा खर्च झेपत नसेल, त्याला जीवदया निधीतून साह्य द्यावे. जीवदयेच्या पेटीतील पैसा माणसाच्या बोटांसाठी वापरावा का, यावर मतभेद होतील. ते सभेत मोकळेपणाने मांडले जावेत. तपासणी रात्रपाळीत आणि पूर्वसूचना न देता व्हावी, कारण पाहुणे येणार म्हटले की गार्ड जागेवर येतात. बरोबर हिंदी व भोजपुरी बोलणारा एक माणूस असावा. आणि ही पहिली फेरी येत्या संवत्सरीच्या आधी पूर्ण व्हावी, म्हणजे प्रतिक्रमणात ते पाच शब्द उच्चारताना आपण काय पाहून आलो आहोत, हे ज्याचे त्याला ठाऊक असेल.