बंदुकीचा तोल



परांड्याचा किल्ला आमच्या धाराशिव जिल्ह्यात आहे. विजापूरच्या बुरुजावर जी प्रचंड मुलूखमैदान तोफ आपण पाहिली असेल, ती १५४९ साली त्या वेळच्या अहमदनगरास ओतली गेली, पुढे परांड्यास होती आणि १६३२ साली विजापुरास नेण्यात आली. तिचे वजन सुमारे ५५ टन सांगतात. तोफ जितकी जड तितकी ती जागेवर पक्की, हा हिशेब सरळ आहे. कारण तोफ कोणाला खांद्याशी लावून धरावयाची नसते. स्पर्धेतील नेमबाजीच्या बंदुकीला मात्र हाच हिशेब लावण्याची चूक प्रस्तुत वक्त्याने केली, आणि तिचे मोल त्याच्या नातीने भरले.

प्रथम या खेळातील सूक्ष्मता ध्यानी घ्या. हवेच्या बंदुकीच्या स्पर्धेत लक्ष्य १० मीटरवर असते. त्यातील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे खसखशीच्या दाण्याहूनही लहान. छर्रा साडेचार मिलिमीटर जाडीचा असल्यामुळे तो ठिपक्याला नुसता शिवला तरी चालते. तथापि छर्र्याचा मध्य अडीच मिलिमीटरपेक्षा अधिक ढळता कामा नये. आता त्रैराशिक मांडा. बंदूक मीटरभर लांबीची धरली आणि ती खांद्याशी फिरते असे मानले, तर नळीचे तोंड पाव मिलिमीटर हलताच लक्ष्यावर अडीच मिलिमीटरचा फरक पडतो. छातीतला ठोका, श्वास, पोटऱ्यांतील थरथर, सारे त्या पाव मिलिमीटरात येऊन बसते. असे साठ बार पंचाहत्तर मिनिटांत काढावयाचे!

तेव्हा ही थरथर मंदावावी कशी? याचे उत्तर डोंबाऱ्यास ठाऊक आहे. दोरावर चालताना तो हाती लांब काठी धरतो. काठीचे वजन मध्यापासून दूर, दोन्ही टोकांकडे पसरलेले असल्यामुळे ती झटकन फिरत नाही, आणि डोंबाऱ्याला तोल सावरण्यास अवधी मिळतो. पट्टीच्या मधोमध मातीचे दोन गोळे चिकटवून ती मनगटाने हलवून पाहा. मग तेच गोळे दोन टोकांस लावून पाहा. वजन तेच, परंतु दुसऱ्या खेपेस पट्टी हट्टी होते. नेमबाज नळीच्या पुढे आणि दस्त्याच्या मागे लहान लहान वजने चढवितात ती याचसाठी.

इथपर्यंतचे शास्त्र मी शाळेत कित्येक वर्षे शिकविले होते. म्हणून नात पुण्यास हा खेळ शिकू लागली तेव्हा मी मोठ्या अधिकाराने सांगितले, ‘पुढे वजन वाढव, नळी स्थिर राहील.’ नियमाची मर्यादा साडेपाच किलोची. आम्ही तिच्या जवळपास जाऊन पोहोचलो. पहिले वीस बार खरोखरच सुरेख पडले. मी पेढे वाटले, हेही कबूल केले पाहिजे.

परंतु बंदूक नुसती स्थिर असून भागत नाही; ती कोणाच्या तरी अंगावर स्थिर असावी लागते. उभ्याने नेम धरताना डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकते, आणि बंदुकीचा भार हात, कंबर, पाय अशा हाडांच्या खांबावरून जमिनीत उतरतो. स्नायूंनी भार पेलावयाचा नाही, ही यातील खुबी. त्यासाठी बंदुकीचा गुरुत्वमध्य डाव्या तळव्याच्या जवळपास यावा लागतो. तो फार पुढे सरकला की डावा खांदा ओढला जातो, त्याची भरपाई म्हणून नेमबाज अधिक मागे वाकतो, आणि आधीच पीळ पडलेल्या कण्यावर सगळा भार येतो. पुढे चढविलेले पावशेर वजन तराजूत पावशेरच भरते. पाठीला ते तेवढेच लागते असे नव्हे.

नातीचे चाळिसाव्या बारानंतर गुण घसरू लागले. पाठ दुखे, पण आजोबांनी सांगितले म्हणून दोन महिने ती बोलली नाही. अखेर डॉक्टरांनी तीन आठवडे बंदूक हाती धरू दिली नाही. मुलीने मला फोनवर एवढेच म्हटले, ‘अण्णा, तुम्ही तिला शास्त्र शिकवलंत, पण पाठ कशी आहे ते विचारलं नाहीत.’ त्यास माझ्यापाशी उत्तर नव्हते.

मोठ्या नेमबाजांकडे आता मी निराळ्या दृष्टीने पाहतो. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्यूनिक येथे ५० मीटरवर, पालथे पडून नेम धरण्याच्या प्रकारात जगज्जेतेपद मिळविले. तेथे दोन्ही कोपरे जमिनीवर असतात आणि हाताला पट्टा असतो. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या प्रकारात कांस्यपदक जिंकले, त्यात गुडघा टेकून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन आसनांत तीच बंदूक चालवावी लागते. तिचे वजन नियमाने ८ किलोपर्यंत असू शकते, आणि उभ्याने पट्ट्याचा आधारही नाही. एका आसनात गोड वाटणारा तोल दुसऱ्यात छळतो. म्हणून दस्त्याची टेकण आणि वजने मध्येच सरकविण्याची सोय ठेवलेली असते.

गुरुत्वमध्य पाहण्याची घरगुती रीत सोपी आहे. लांब दांड्याचा झाडू दोन तर्जन्यांवर आडवा ठेवा आणि बोटे हळूहळू जवळ आणा. ती जिथे भेटतील तिथे झाडूचा गुरुत्वमध्य. गंमत म्हणजे बोटे वाकडीतिकडी सरकविली तरी ती तिथेच येऊन थांबतात.

विश्रांतीनंतर प्रशिक्षकांनी पुढचे बरेचसे वजन उतरविले, थोडे मागे घेतले. नळी आता पूर्वीपेक्षा किंचित चंचल दिसते. एकूण गुण फारसे वाढले नाहीत. मात्र शेवटचे दहा बार पहिल्या दहांच्या पंक्तीस बसू लागले. कोणते वजन कुठे होते आणि साठाव्या बारानंतर पाठ कशी होती, हे ती एका वहीत टिपून ठेवते.

गेल्या रविवारी तिने कळविले की पन्नास ग्रॅमचा एक तुकडा पुन्हा पुढे चढविला आहे. मी विचारले, ‘आणि पाठ?’

‘थांबा आजोबा,’ ती म्हणाली, ‘वही बघून सांगते.’