वाऱ्यात उभी गाडी

(घोडबंदर रोड परिसरातील दुचाकी चालवणाऱ्या स्त्रियांच्या बैठकीतील भाषण)



बायकांच्या बैठकीत गाडी कशी उभी करायची यावर बोलण्यासारखं काय आहे, असं काहीजणींच्या मनात आलं असेल. पण वादळात सोसायटीतल्या दहा गाड्या आडव्या होतात, तेव्हा नऊ गाड्या वाऱ्यानं पडतात आणि दहावी ‘बाईनं लावली होती म्हणून’ पडते. लगेच घरात सूर निघतो, ‘तू रिक्षानं जात जा.’ माजिवड्यापासून गायमुखापर्यंत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणींची नोकरी, क्लास, मुलांची शाळा त्या गाडीवर अवलंबून आहे. म्हणून हे नीट समजून घेऊ.

पहिली गोष्ट वाऱ्याच्या जोराची. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात स्थिर उभी असलेली गाडी ६० च्या झोतात आडवी होते ती त्यामुळे. १७ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. शंभर-सव्वाशे किलोची गाडी अशा वेळी वजनाच्या भरवशावर सोडता येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या रस्त्याची. एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये उंच टॉवर. वारा उंच इमारतीवर आदळला की खाली उतरतो आणि कोपऱ्यावरून, दोन इमारतींमधल्या बोळातून जास्त वेगानं निघतो. बाहेर साधा वारा असताना तिथं ओढणी सांभाळता येत नाही, हे तुम्ही रोज अनुभवता. नेमकी तीच जागा गाडीसाठी टाळा. पावसाळ्यात वारा बहुधा नैर्ऋत्येचा किंवा पश्चिमेचा असतो, पण मे महिन्यातलं वादळ कुठूनही येतं, आणि इमारती त्याची दिशा बदलतात. म्हणून उतरल्यावर ओढणीचं किंवा पदराचं टोक हातात धरून बघा, कुठे उडतं ते.

आता स्टँड. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते. वारा उजवीकडून आला तर तो गाडीला स्टँडवरच दाबतो. डावीकडून आला तर ती सरळ उभी होऊन उजवीकडे कोसळते. म्हणून उजवी बाजू वाऱ्याकडे करून गाडी लावा. मागून वारा नको. गाडी पुढे सरकली की स्टँड मिटतो. मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये ठेवा, हँडल डावीकडे वळवून लॉक करा. उतारावर तोंड चढाकडे असू द्या. स्कूटरला गिअर नसतो, तेव्हा पुढच्या ब्रेकचा दांडा जाड रबरानं दाबून बांधा. मेन स्टँडवर गाडी सरळ आणि उंच उभी राहते, पण पाया अरुंद असतो. भिंतीच्या आडोशाला तो चांगला, उघड्यावर आडव्या वाऱ्यात नाही.

ओल्या मातीत स्टँड रुततो. त्याखाली फरशीचा तुकडा किंवा फळी घाला. गाडीवरचं कव्हर म्हणजे शीड. ते घट्ट बांधता येत नसेल तर वादळाच्या दिवशी काढून टाका.

तिसरी गोष्ट गाडीपेक्षा जिवाची. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरात धुळीच्या वादळात होर्डिंगचा भलामोठा सांगाडा पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसं गेली. होर्डिंग, पत्र्याचं कुंपण, जुनं झाड, बांधकामाची परांची यांखाली गाडीही लावू नका, स्वतःही थांबू नका. वारा चालू असताना पडणारी गाडी धरायला धावू नका.

पडलीच, तर आधी किल्ली बंद करा. पेट्रोल सांडलं असेल तर लगेच सुरू करू नका. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधीच साइड स्टँड उघडून ठेवा. गाडीकडे पाठ करून खाली बसा, एका हातानं हँडल, दुसऱ्यानं मागचा दांडा धरा आणि कमरेवर नाही, पायांवर जोर देऊन मागे रेटत उठा. हे सगळ्यांना जमेलच असं नाही. मदत मागण्यात कमीपणा नाही.

शेवटची गोष्ट कागदाची. कायद्यानं सक्तीचा असलेला थर्ड पार्टी विमा वादळात झालेलं तुमच्या गाडीचं नुकसान भरून देत नाही. त्यासाठी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा लागतो. आणि भरपाई मिळते ती गाडी ज्याच्या नावावर आहे त्याला. हप्ते तुम्ही भरता, गाडी तुम्ही चालवता, पण आरसी बुकावर नाव कुणाचं आहे? आज घरी गेल्यावर ते काढून बघा. नाव दुसऱ्याचं असेल तर ते बदलून घेण्यासाठी आरटीओत अर्ज करता येतो. पुढच्या बैठकीत तो एकत्र बसून भरू. येताना आरसी, विम्याचा कागद आणि गाडीही घेऊन या. स्टँडवर लावणं आणि पडलेली उचलणं आपण अंगणात प्रत्यक्ष करून बघणार आहोत.