दोघांसाठी एक : कॅप्टन जेनवेच्या निर्णयाची चिकित्सा



सुवर्णमहोत्सवी व्याख्यानासाठी दूरचित्रवाणीवरील एका काल्पनिक पात्राची निवड व्हावी, याचे काहींना नवल वाटणे स्वाभाविक आहे. परंतु एकेकाळी आजीच्या मांडीवर बसून ऐकलेल्या कथांमधून बालमनावर जे संस्कार घडत, ते कार्य आज बव्हंशी पडदाच करीत असतो. देऊळगाव राजासारख्या गावात प्रथम घरांवर अँटेना उभे राहिले, नंतर केबल आली आणि आता तर साऱ्या जगातील मालिका नातवंडांच्या हातातील मोबाईलवर येऊन पोहोचल्या आहेत. कथा कोठूनही येवो, ती ऐकताना विवेक जागा ठेवणे हे श्रोत्याचे कर्तव्यच होय.

दूरदर्शनवर १९९७ साली सुरू झालेली ‘शक्तिमान’ ही मालिका येथील बहुतेक कुटुंबांना स्मरत असेल. २००५ पर्यंत ती चालली. मुकेश खन्ना यांनी साकारलेला शक्तिमान हा सत्पक्ष आणि तमराज किल्विष हा असत्पक्ष. त्यात कोणाची बाजू घ्यावी, असा प्रश्न पाच वर्षांच्या बालकालाही पडत नसे. अशा कथांचे मोल निश्चित आहे. परंतु जीवनातील अवघड प्रसंग इतके स्वच्छ क्वचितच असतात. दोन्ही बाजूंना सज्जन उभे आहेत आणि कोणताही निर्णय घेतला तरी कोणाची तरी हानी अटळ आहे, असे प्रसंगच मनुष्याची खरी परीक्षा घेतात. अशा एका प्रसंगात सापडलेले पात्र म्हणजे कॅप्टन कॅथरिन जेनवे.

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन विज्ञानकथा-मालिका १९६६ साली प्रथम प्रसारित झाली. तिच्याच परंपरेतील ‘स्टार ट्रेक : व्हॉयेजर’ ही मालिका १९९५ ते २००१ या काळात सात पर्वांत दाखविली गेली. ‘व्हॉयेजर’ नावाचे अंतराळयान आकाशगंगेच्या दूरच्या टोकाला फेकले जाते. स्वगृह सुमारे ७० हजार प्रकाशवर्षे दूर आहे. तेथवर न वरिष्ठांचा आदेश पोहोचतो, न न्यायालयाचा. यानावरील सर्वांची जबाबदारी एकट्या कॅप्टन जेनवेवर येऊन पडते. केट मलग्रू या अभिनेत्रीने ही भूमिका केली आहे. शूर, कर्तव्यदक्ष आणि सहकाऱ्यांवर मायेची पाखर घालणारी अशी ही नायिका आहे.

६ मे १९९६ रोजी प्रसारित झालेल्या ‘टुव्हिक्स’ या भागात तिच्यापुढे एक विलक्षण पेच उभा राहतो. यानावरील टुव्हॉक हा गंभीर प्रकृतीचा सुरक्षा अधिकारी आणि नीलिक्स हा बोलघेवडा स्वयंपाकी, असे दोघे एका ग्रहावरून वनस्पतींचे नमुने आणावयास जातात. परत येताना, वस्तू व माणसे क्षणार्धात एका जागेहून दुसऱ्या जागी नेणाऱ्या यंत्रात, त्या वनस्पतीच्या विचित्र गुणधर्मामुळे दोघांचे देह एकरूप होतात आणि यंत्रातून एकच नवा जीव बाहेर येतो. त्याचे नाव टुव्हिक्स. दोघांच्याही स्मृती त्याच्यापाशी आहेत, परंतु त्याचे व्यक्तिमत्त्व त्याचे स्वतःचे आहे. काही आठवड्यांतच तो सर्वांचा आवडता होतो. एकाचे कर्तव्य तो चोख बजावतो आणि दुसऱ्याच्या पाकशाळेतही रमतो.

पुढे यानावरील डॉक्टरला दोघांना पुन्हा विलग करण्याची युक्ती सापडते. टुव्हॉक आणि नीलिक्स परत येऊ शकतील. मात्र टुव्हिक्स उरणार नाही. टुव्हिक्स विनवितो, ‘मला जगावयाचे आहे.’ नीलिक्सवर प्रेम करणारी तरुणी कॅप्टनपाशी येऊन अश्रू ढाळते. तिला तिचा नीलिक्स परत हवा आहे. टुव्हॉकची पत्नी व मुलेही दूर स्वगृही त्याची वाट पाहत आहेत. जेनवे निर्णय घेते, की विलगीकरण करावयाचे. टुव्हिक्स नियंत्रण कक्षात उभा राहून एकेका सहकाऱ्याकडे पाहतो, कोणीतरी आपली बाजू मांडावी म्हणून याचना करतो. सारे माना खाली घालतात. अखेर तो त्या सर्वांना क्षमा करतो. डॉक्टर मात्र वैद्यकीय शपथेचा दाखला देऊन ते कृत्य करण्यास नकार देतो. तेव्हा जेनवे स्वतःच्या हाताने यंत्र चालविते. दोन सहकारी परत येतात आणि ती कठोर चेहऱ्याने एकटीच बाहेर निघून जाते. कथा तेथेच संपते.

जेनवेने योग्य केले काय, यावर या मालिकेच्या चाहत्यांत तेव्हापासून वाद चालू आहे. तिच्या बाजूने बोलणारे म्हणतात की टुव्हॉक आणि नीलिक्स यांनी स्वतःचे अस्तित्व स्वेच्छेने त्यागिले नव्हते. तो अपघात होता. जे दोन जीव स्वतःची बाजू मांडण्यास उपस्थितच नव्हते, त्यांच्या वतीने कॅप्टनने बोलावयाचे नाही, तर कोणी? विरोधी पक्षाचे म्हणणे असे की नव्या जीवाचा अपराध कोणता? तो अपघाताने जन्मला म्हणून त्याचा जगण्याचा हक्क उणा ठरतो काय? दोन रंगांच्या सुतांनी विणलेले वस्त्र एकदा अंगावर आले, की ते केवळ सुतांची बेरीज राहत नाही. सूत परत हवे असेल तर वस्त्र उसवावे लागते, आणि उसवल्यावर वस्त्र उरत नाही.

हिशेबाची सवय असलेल्या मनाला हा प्रश्न सोपा वाटण्याचा संभव आहे. जमेस दोन, नावे एक, शिल्लक एक. परंतु प्राणांची खतावणी अशी मांडता येत नाही. आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्राणहरणाच्या जोडीला प्रमाद, म्हणजेच असावध व विकारवश वृत्ती, याचा विचार केलेला आहे. म्हणजे किती प्राण गेले हे मोजून विचार संपत नाही. कृती करणाऱ्याच्या अंतःकरणाची अवस्थाही तपासावी लागते. जेनवेच्या मनात द्वेष नव्हता हे खरे. परंतु हरवलेल्या स्नेह्यांविषयीची आसक्ती नव्हती, असे म्हणता येईल काय?

वास्तवातही असे पेच उभे राहिलेले आहेत. इंग्लंडमध्ये २००० साली शरीराने जोडलेल्या दोन जुळ्या बालिकांचे प्रकरण न्यायालयात गेले. विलग केले तर एकीचा मृत्यू निश्चित, न केले तर कालांतराने दोघींचाही मृत्यू, असे डॉक्टरांचे मत होते. मातापित्यांचा धर्मश्रद्धेमुळे शस्त्रक्रियेस विरोध होता. अपील न्यायालयाने सर्व पक्षांचे म्हणणे ऐकून, कारणे लिहून, शस्त्रक्रियेस अनुमती दिली. एक बालिका वाचली, एक गेली. या उदाहरणात आणि जेनवेच्या निर्णयात एक मोठे अंतर आहे. तेथे काहीच न करणे म्हणजे दोन्ही जीव गमावणे होते. यानावर काहीच केले नसते, तर टुव्हिक्स जिवंतच राहिला असता. म्हणून जेनवेपाशी निकडीचे कारण तितके बळकट नव्हते.

दुसरे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातील आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या अत्याचारामुळे त्यांच्या मेंदूला गंभीर इजा झाली आणि त्या चार दशकांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून राहिल्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांची या यातनांतून सुटका व्हावी, असा अर्ज सर्वोच्च न्यायालयात केला. रुग्णालयातील परिचारिकांचे म्हणणे अगदी उलट होते. अरुणाताई आमच्या आहेत, आम्ही त्यांची सेवा करू. विराणी यांचा हेतू करुणेचा होता आणि परिचारिकांचाही करुणेचाच. न्यायालयाने तीन डॉक्टरांचे पथक नेमून रुग्णाची पाहणी करविली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि ७ मार्च २०११ रोजी अर्ज नामंजूर केला. इतकी वर्षे सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने मानले. त्याच वेळी, अशा रुग्णाचे जीवनरक्षक उपचार थांबविण्याचा निर्णय आप्तांनी किंवा डॉक्टरांनी परस्पर न घेता उच्च न्यायालयाची अनुमती घ्यावी, असा दंडकही घालून दिला. १८ मे २०१५ रोजी अरुणाताईंचे निधन झाले.

ही दोन प्रकरणे जेनवेच्या शेजारी ठेवली की तिचा दोष नेमका कोठे आहे, ते स्पष्ट होते. दोन सहकारी परत आणण्याची तिची इच्छा निंद्य नव्हती. दोष असा, की फिर्यादी, न्यायाधीश आणि निकाल अंमलात आणणारी, या तिन्ही भूमिका तिने एकटीने केल्या. स्वतःच्या दुकानाचे लेखापरीक्षण कोणी स्वतः करीत नाही. मग प्राणांचा हिशेब एकट्याने कसा मिटवावा? तिच्या बाजूने एवढे मात्र अवश्य म्हणावे लागेल, की तिने ते कृत्य हाताखालच्या माणसाच्या माथी मारले नाही. त्याचा भार तिने स्वतः उचलला, आणि तिच्या अखेरच्या मुद्रेवर विजयाचा लवलेश नाही. म्हणूनच तिला खलनायिका ठरविणे हा अन्याय होईल आणि निर्दोष ठरविणे ही फसवणूक होईल. अनेकांत म्हणजे सर्वांचेच खरे असे म्हणून मोकळे होणे नव्हे. प्रत्येक बाजूत सत्याचा अंश किती, हे कष्टाने वेचणे होय.

परंतु या कथेत जेनवेपेक्षाही अधिक चिंतनीय आहेत ते माना खाली घालणारे सहकारी. टुव्हिक्स त्यांचा मित्र होता, त्यांच्या पंक्तीला जेवला होता. ‘कॅप्टन, थोडे थांबा, पुन्हा विचार करू,’ एवढे शब्दही कोणाच्या मुखातून निघाले नाहीत. यानावर नकार दिला तो केवळ डॉक्टरने, आणि तो तर संगणकाने प्रकाशातून घडविलेली आकृती होता! एकटी पडलेली व्यक्ती कठोर निर्णय घेते, तेव्हा त्या एकटेपणाला भोवतालच्या मौनाचाही हातभार लागलेला असतो.

हे मौन यानापुरते मर्यादित नाही. घरातील वृद्ध अतिदक्षता विभागात असतात, कृत्रिम श्वासयंत्र लावावे की काढावे असा प्रश्न डॉक्टर विचारतात, आणि सारे कुटुंब थोरल्या मुलाच्या तोंडाकडे पाहत उभे राहते. त्याने काहीही ठरविले तरी पुढील आयुष्यभर तो भार त्याने एकट्याने वाहावयाचा. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने प्रत्येक सज्ञान व्यक्तीस, अखेरच्या आजारात कोणते उपचार हवेत वा नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार मान्य केला. २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ करण्यात आली. दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी अथवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ते प्रमाणित करता येते. टुव्हिक्सला बोलता येत होते, तरी त्याचे कोणी ऐकले नाही. ज्यांची वाचाच गेलेली असेल, त्यांचे शब्द किमान कागदावर तरी असावेत.

बंधु-भगिनींनो, नातवंडांबरोबर अशी एखादी मालिका पाहण्याचा योग आला, तर ‘चांगली कोण, वाईट कोण’ एवढेच विचारून थांबू नये. ज्याचे प्राण पणाला लागले होते त्याचे ऐकले गेले काय, ठरविणारा एकटा होता काय, आणि त्या खोलीत तू असतास तर काय बोलला असतास, हे तीन प्रश्न त्यांना अवश्य विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा सराव बालपणी झाला, तर मोठेपणी घरातील अवघड घडीला थोरल्या भावाच्या शेजारी उभे राहून बोलणारे कोणीतरी असेल.

जय जिनेंद्र!