रडारच्या पडद्यावरची होडी

व्यापारी जहाजावरचे रडार म्हणजे अंधारात घातलेली हाक आणि तिला आलेली साद. उंचावर फिरणारा अँटेना रेडिओलहरींचे आखूड स्पंद सोडतो. स्पंद १ मायक्रोसेकंदात आपटून परतला, तर वस्तू १५० मीटरवर आहे. अँटेनाचे तोंड जिकडे, तीच तिची दिशा. या तत्त्वावर जहाजांची टक्कर टाळण्याच्या यंत्राचे पेटंट जर्मनीच्या क्रिस्तियान ह्युल्समायर यांनी १९०४ मध्येच घेतले होते.

आंतरराष्ट्रीय नियमानुसार ३०० सकल टनभारापासून पुढच्या जहाजांवर ३ सेंटिमीटर लहरींचे रडार लागते. ३,००० पासून दुसरेही, बहुधा १० सेंटिमीटरचे. पहिल्याचे चित्र रेखीव, पण मुसळधार पावसात ते झाकोळते. तेव्हा दुसरे कामी येते.

अँटेना ३६ मीटर उंचीवर आणि होडीचा माथा पाण्यावर १ मीटर असेल, तर गणिताने रडारची पोच सुमारे १५ सागरी मैल भरते. प्रत्यक्षात होडी इतक्या लांबून दिसत नाही. लाकूड आणि फायबर लहरी फारशा परतवत नाहीत, आणि खवळलेल्या दर्यात प्रत्येक लाट पडद्यावर ठिपका होऊन उमटते. हे ठिपके घालवण्यासाठी नाविक एक बटण फिरवतो. ते जरा जास्त फिरले, की लाटांबरोबर होडीही पुसली जाते. झाई, बोर्डी, धाकटी डहाणू, चिंचणी इथल्या मच्छीमारांसाठी साऱ्या विषयात याहून गंभीर काही नाही. धातूचे पत्रे काटकोनात जोडून केलेला परावर्तक डोलकाठीवर चढवला, तर होडीची साद कितीतरी ठळक होते.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ ‘आंद्रेआ डोरिया’ आणि ‘स्टॉकहोम’ ही जहाजे रडारवर एकमेकांना पाहूनही आदळली. तुटपुंज्या रडार-माहितीवरून तर्क बांधू नये, असे १९७२ च्या टक्कर-प्रतिबंधक नियमांत स्पष्ट बजावलेले आहे. डोळ्यांची आणि कानांची टेहळणी रडार असतानाही सक्तीचीच आहे.

डहाणू तालुक्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. बंदर सुरू झाले, की अजस्र कंटेनर जहाजे आणि लहान होड्या याच पाण्यात वावरतील. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावर या परिषदेसाठी आलेल्या कप्तान, अभियंते आणि मच्छीमार प्रतिनिधींचे स्वागत समितीच्या वतीने मनःपूर्वक स्वागत. परिषदेच्या चर्चेत पहिला वेळ पडद्यावर न दिसणाऱ्या होडीला मिळावा, ही समितीची आग्रहाची विनंती आहे.