दुसरी तार कोठें लावूं ?



शाळेंतील रसायनशास्त्राच्या पुस्तकांत धातूंचें एक कोष्टक असतें. प्रत्येक धातूच्या नांवापुढें एक आंकडा असतो : जस्त, उणें ०.७६ व्होल्ट; लोखंड, उणें ०.४४, कथील, उणें ०.१४, तांबें, अधिक ०.३४. हें त्या त्या विद्युदग्राचें विभव होय, असें मीं वर्षानुवर्षें फळ्यावर लिहिलें व मुलांनीं तें तोंडपाठ केलें. त्याचे गुणहि त्यांस मिळत. मग एके वर्षीं एका मुलानें जस्ताची पट्टी व्होल्टमापकाच्या एका तारेस बांधली, ती जस्ताच्या सल्फेटच्या द्रावणांत बुडविली, आणि मोठ्या विनयानें विचारलें, "गुरुजी, आतां दुसरी तार कोठें लावूं ?"

मीं त्याला खालीं बसावयास सांगितलें. उत्तर येत नसलें म्हणजे आम्ही मास्तर मंडळी शिस्तीचा आश्रय घेतों. मींहि तेंच केलें. परंतु घरीं गेल्यावर विचार करूं लागलों. दुसरी तार मोकळी ठेवावी, तर विद्युन्मंडल पुरें होत नाहीं. ती त्याच द्रावणांत बुडवावी, तर ती ज्या धातूची असेल तो धातु आपलें स्वतःचें विभव घेऊनच पाण्यांत उतरतो. मोजावयास गेलों एकट्या जस्ताला, आणि मोजलें जातें जस्त व ती तार यांमधील अंतर ! एकट्या विद्युदग्राचें विभव व्होल्टमापकानें मोजतां येत नाहीं. पुस्तकांतील आंकडा खोटा नव्हे. पण तो कोणापासून मोजला हें सांगितल्यावांचून त्याला अर्थ नाहीं, आणि नेमकें तेंच मीं कधीं सांगितलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं मीं दोन कांचेचे पेले मांडले. एकांत जस्ताच्या सल्फेटचें द्रावण व जस्ताची पट्टी. दुसऱ्यांत मोरचुदाचें पाणी व तांब्याची पट्टी. सोऱ्याच्या पाण्यांत भिजविलेला टिपकागद असा ठेवला कीं, त्याचीं टोकें दोन्ही पेल्यांत बुडावीं. मग त्या मुलाकडूनच दोन्ही तारा लावविल्या. कांटा एका व्होल्टाच्या किंचित् पुढें जाऊन थांबला. कोष्टकाप्रमाणें १.१० यावयास हवेत, कारण अधिक ०.३४ व उणें ०.७६ यांतील अंतर तेवढेंच आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ डॅनियल यानें १८३६ सालीं आपला प्रसिद्ध विद्युत्घट याच जोडीवर उभारला, आणि पुढें तारायंत्राच्या कामीं तो बहुत उपयोगीं पडला.

आंत घडतें तें असें. जस्ताचा अणु आपले दोन इलेक्ट्रॉन पट्टीवर सोडून स्वतः द्रावणांत जातो. ते इलेक्ट्रॉन तारेनें तांब्याकडे येतात. तेथें मोरचुदांतील तांब्याचे आयन ते उचलतात व तांबें होऊन पट्टीवर बसतात. टिपकागदाचें काम दोन्ही पेल्यांतील विद्युद्भाराचा तोल राखण्याचें. मुलानें तो उचलला मात्र, कांटा शून्यावर आला. मग त्यानें आपण होऊन दोन्ही पेल्यांत सारखेंच द्रावण घेऊन दोहोंत जस्ताच्याच पट्ट्या ठेविल्या. कांटा हलला नाहीं, आणि तो हलणार नाहीं हें त्यानें आधींच सांगितलें होतें.

तर मग कोष्टकांतील आंकडे कोणापासून मोजलेले ? हायड्रोजनपासून. बारीक प्लॅटिनमचा काळा थर दिलेली प्लॅटिनमची पट्टी ठराविक तीव्रतेच्या आम्लांत ठेवून तिच्यावरून ठराविक दाबाचा हायड्रोजन सोडतात. तिचें विभव शून्य मानावयाचें, असा शास्त्रज्ञांचा ठराव आहे. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर म्हणतों ती समुद्रसपाटीपासून, तसेंच हें. उद्यां कोणी तांब्यास शून्य मानलें, तर हायड्रोजन उणें ०.३४ व जस्त उणें १.१० होईल, घट मात्र पूर्वींइतकेच व्होल्ट देईल.

उणें-अधिक चिन्हांचा घोळ याहून वाईट होता. अमेरिकेंतील पुष्कळ पुस्तकांत जस्तापुढें अधिक चिन्ह असे, युरोपांत उणें. १९५३ सालीं स्टॉकहोम येथें आंतरराष्ट्रीय रसायनसंघानें आजची पद्धति ठरविली. ग्रंथालयांतील जुनीं पुस्तकें चाळणाऱ्या विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें, नाहींतर बेरीज-वजाबाकी बरोबर असूनहि उत्तर चुकेल.

या कोष्टकाची साक्ष घरांतहि मिळते. जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी बादलीवर ओरखडा पडला, तरी तेथील लोखंड बरेच दिवस गंजत नाहीं. पाणी लागलें कीं ओरखड्याच्या ठिकाणीं एक इवलासा घट तयार होतो, आणि त्यांत जस्त स्वतः झिजून लोखंडाला वांचवितें. कथलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या डब्यावर तसाच ओरखडा पडूं द्या. डबा ओलसर हवेंत राहिला, तर येथें लोखंडच आधीं झिजतें, कारण कोष्टकांत तें कथलाच्या अलीकडे, जस्ताच्या बाजूस आहे. मुलाम्यानें लोखंड झांकलें आहे तोंवर दोन्ही मुलामे सारखेच; फरक दिसतो तो ओरखडा पडल्यावर.

आतां एक शंका राहते. ॲल्युमिनियमचें विभव उणें १.६६, म्हणजे जस्ताच्याहि पुष्कळ पलीकडचें. मग आपलीं पातेलीं पाण्यांत विरून कां जात नाहींत ? कोष्टक धातूचा कल सांगतें, वेग सांगत नाहीं. ॲल्युमिनियमवर हवेनेंच ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा धरतो व आंतील धातूस पाण्यापासून दूर ठेवतो. हा पापुद्रा गेला कीं धातूचा मूळ स्वभाव उघडा पडतो. धुण्याच्या सोड्याचें गरम पाणी अशा भांड्यांत ओतलें असतां थोड्याच वेळांत बुडबुडे येऊं लागतात. तो हायड्रोजन असतो. भांडें आंतून काळवंडतें. ज्यांस हें पाहावयाचें असेल त्यांनीं खिडकी उघडी ठेवावी, विस्तव दूर ठेवावा, आणि टाकाऊ भांडें घ्यावें. आमच्या घरीं हा प्रयोग नव्या पातेल्यावर झाला होता.