पायरीवरचं सोनं

1851 साली ऑस्ट्रेलियात आधी बॅथर्स्टकडे आणि मग बॅलरॅट-बेंडिगोकडे सोनं निघालं. कारकून, सुतार, खलाशी हातातलं काम टाकून धावले. मागोमाग बायका-पोरंही गेली. राहायला कापडी तंबू, खायला मेंढीचं मटण आणि राखेत भाजलेला कणकेचा रोट. पुरुष खड्डा खणायचा, बाई ओढ्यावर माती धुवायची, पोरं मातीनं भरलेली लाकडी पेटी हलवत बसायची. प्यायचं पाणीही त्याच गढूळ ओढ्याचं, म्हणून हगवणीनं लेकरं दगावत. व्हिक्टोरियात तर सोनं मिळो न मिळो, परवान्याचे महिन्याला 30 शिलिंग भरावेच लागत. त्यावरून असंतोष पेटला आणि डिसेंबर 1854 मध्ये बॅलरॅटला सैन्यानं खाणकऱ्यांवर गोळ्या चालवल्या. पैसा खरा कमावला तो पीठ आणि फावडी विकणाऱ्यांनी!

आपल्या अक्कलकोटहून जवळची सोन्याची खाण म्हणावी तर सीमेपलीकडची, रायचूर जिल्ह्यातली हट्टी. पण तिथं पगारी कामगार. सगळं बिऱ्हाड मिळून सोनं धुणारं पाहायचं, तर सोनारांच्या दारातली धूळ धुणाऱ्या झारेकऱ्यांकडं बघा.

सोनार कानस चालवतो तेव्हा बारीक कण उडतात. कपड्यांना, चपलांना चिकटून ते पायरीवर येतात, तिथून गटारात. दुकानं उघडायच्या आत झारेकरी ही धूळ कुंच्यानं झाडून नेतात, गटारातला गाळही उपसतात. मग पाटीत पाणी घेऊन ती माती गोल गोल फिरवायची. हलकी माती वाहून जाते, जड ते तळाला बसतं. मनगट जरा जोरात फिरलं, की दिवसाची मजुरी पाण्यात गेली म्हणून समजा. तळाच्या काळ्या रेतीत पारा कालवतात. तो सोन्याचे कण धरून ठेवतो. फडक्यातून पिळून राहिलेला गोळा तापवला, की पारा उडतो आणि सोनं उरतं. ही वाफ दिसत नाही, तिला वास नाही, पण ती मेंदूला आणि मूत्रपिंडांना बाधते. घर एका खोलीचं असेल तर पोरंही त्याच चुलीपाशी बसलेली असतात.

आता मोठ्या कारखान्यांत धूळ ओढणारी यंत्रं आली. कारागिरांनी हात धुतलेलं पाणीसुद्धा मालक साठवून ठेवतो. आणि गावातल्या दुकानात दागिना तयारच येतो. कानस चालतच नाही, तर पायरीवर येणार काय?